कापूस कुर्डुवाडीत अडकतो तेव्हा: टर्न-बेस्ड गेममधला ‘रिसोर्स जोडला जात नाही’ हा बग कसा शोधायचा

“मामा, बार्शीचा कापूस मिलला पोचंना की.”

भाच्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. स्क्रीनवर सगळं जागच्या जागी होतं. बार्शीला कापसाचं शेत, शेजारी जिनिंग, तिथून कुर्डुवाडीपर्यंत रूळ, कुर्डुवाडीहून माढा, मोहोळ करत सोलापूरपर्यंत रूळ. कुठेही खंड नाही. आणि मिलच्या गोदामात कापूस शून्य गाठी.

दिवसा मी सुताच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. रात्री गेल्या दोन वर्षांपासून एक छोटा गेम बनवतोय. नकाशा सोलापूर जिल्ह्याचा, षटकोनी टाइलचा, म्हणजे घरांचा. पहिला टर्न (पाळी) १८७७ सालचा, म्हणजे सोलापूरची जुनी मिल निघाली ते साल, आणि पुढे एक टर्न म्हणजे एक वर्ष. शेतं लावायची, रस्ते आणि रूळ टाकायचे, माल सोलापूरला आणायचा, मागांना सूत पुरवायचं. खेळणारे आजवर अकरा, त्यातले नऊ नात्यातले. त्यामुळे तक्रार जेवणाच्या ताटावरच येते.

हा बग शोधायला मला तीन रात्री लागल्या. नीट क्रमाने गेलो असतो तर एकीत काम झालं असतं. तो क्रम खाली देतोय. तुम्ही स्वतः गेम बनवत असा, कुणाच्या गेमचा मॉड (म्हणजे त्यात स्वतःचे बदल) करत असा किंवा नुसते खेळत असा, सुरुवातीचा भाग सगळ्यांच्या कामाचा आहे. मधला भाग कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे.

पहिलं काम: हा बग आहे की नियम?

रिसोर्स म्हणजे कापूस, लोखंड, घोडे असा नकाशावरचा माल. ‘रिसोर्स जोडला जात नाही’ अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा बग नसतातच. प्रत्येक गेमचा जोडणीचा नियम वेगळा असतो, आणि एका गेमची सवय माणूस दुसऱ्या गेममध्ये घेऊन जातो.

सिव्हिलायझेशन (थोडक्यात सिव्ह) या टर्न-बेस्ड गेमच्या मालिकेचंच बघा. २००१ च्या तिसऱ्या आणि २००५ च्या चौथ्या भागात लोखंडाच्या टाइलवर खाण खणली म्हणजे लोखंड मिळालं असं होत नाही. ती टाइल शहराच्या व्यापारी जाळ्याला जोडलेली हवी, आणि त्यासाठी साधारणपणे रस्ता लागतो. २०१० च्या पाचव्या आणि २०१६ च्या सहाव्या भागात हे बदललं. टाइल आपल्या हद्दीत असली, तिच्यावर योग्य ते बांधकाम झालं की रिसोर्स आपला, रस्त्याची गरज नाही. पाचव्या भागात राजधानीला रस्ता जोडल्यावर सोनं मिळतं, पण तो हिशेब निराळा. त्यामुळे सहावा खेळून चौथ्याकडे गेलेला माणूस खाण खणतो, रस्ता टाकत नाही आणि बग म्हणून ओरडतो. उलट दिशेने आलेला माणूस नको तिथे रस्ते टाकत बसतो.

तेव्हा कुठलाही गेम असो, आधी एवढं बघून घ्या. तो रिसोर्स वापरायचं तंत्रज्ञान मिळालंय का? बांधकाम त्याच रिसोर्सचं आहे ना? घोड्यांच्या टाइलवर शेत काढून घोडे मिळत नाहीत. बांधकाम पूर्ण झालंय की अजून दोन टर्न बाकी आहेत? टाइल अजून आपल्याच हद्दीत आहे का? कारण शेजाऱ्याची हद्द वाढली की ती मुकाट्याने त्याच्याकडे जाते. शत्रूने येऊन नासधूस केलीय का? आणि सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: आपल्याकडचा तो एकमेव रिसोर्स आपणच कुणाला सौद्यात देऊन बसलोय का? सिव्ह ५ मध्ये नेहमीच्या वेगाला सौदा ३० टर्नचा असतो. तीस टर्नांपूर्वी काय दिलं हे कुणाच्या लक्षात राहतं?

हे सगळं बघूनही गोदाम रिकामं असेल तर पुढे चला. माझ्या गेममध्ये मी हे दोन मिनिटांत तपासलं, कारण नियम मीच लिहिले होते: हद्द आपली, जिनिंग बांधलेलं, सोलापूरपर्यंत मार्ग सलग. तिन्ही दिसत होतं.

दुसरं काम: बग पकडून छोटा करा

आधी सेव्ह फाइलची प्रत काढा आणि तिला हात लावू नका. हे सांगायची गरज वाटत नाही, पण मी स्वतः पहिल्या रात्री भाच्याच्या सेव्हवरच रूळ उखडून परत टाकले, वर सेव्हही केलं, आणि मूळ परिस्थिती घालवून बसलो. नशीब, त्याच्याकडे आधीचा एक सेव्ह होता.

मग बग नेमका कधीपासून आहे ते शोधा. भाच्याचा सेव्ह टर्न ५८ चा होता. टर्न १० ला सगळं ठीक होतं. मधला ३४ उघडला, बग होता. २२ ला होता. १६ ला नव्हता. १९ ला नव्हता. २० ला नव्हता. २१ ला होता. दर टर्नचा आपोआप सेव्ह ठेवण्याची सोय असेल तर अशी निम्मी-निम्मी छाटणी करत पाच-सहा उघडझापांत जागा सापडते.

टर्न २१ म्हणजे १८९७. त्या वर्षी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, अडीच फुटी नॅरोगेज, कुर्डुवाडी ते बार्शी. गेममध्येही त्याच टर्नला ती टाकता येते. म्हणजे रूळ पडले त्याच क्षणी बिघाड झाला. इतकं समजल्यावर खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. मी केला नाही. त्याचं पुढे सांगतो.

यानंतर नको ते सगळं काढून टाका. संगणकाचा खेळाडू बंद, हद्दीचे बदल बंद, पाऊस-दुष्काळाचा भाग बंद. (सोलापूर जिल्ह्याच्या गेममधून दुष्काळ काढणं मनाला पटत नाही, पण तपासापुरतं चालतं.) यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या आकड्यावरून गेम आपले फासे टाकतो तो) एकच ठेवा, म्हणजे दर वेळी तोच खेळ होईल. एकेक गोष्ट काढत माझा नकाशा सात टाइलवर आला: बार्शी, शेंद्री, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, सोलापूर, आणि कुर्डुवाडीच्या पुण्याकडच्या बाजूला केम. बग तसाच. बाराशे टाइलच्या नकाशात जे दिसत नव्हतं ते आता बोटावर मोजण्याइतकं झालं.

हे करताना भाच्याने एक गोष्ट टिपली, जी माझ्या नजरेतून सुटली होती. “मामा, मुंबईची यंत्रंबी थांबलीत बघा, एकविसाव्यापासनं.” गोदामात जुनी यंत्रं शिल्लक होती म्हणून कुणाला जाणवलं नव्हतं. केमकडून येणारा मालही त्याच टर्नला बंद झाला होता. एका तक्रारीच्या दोन झाल्या की घाबरू नका. दोन लक्षणं एकत्र ठेवली की संशयाची जागा निम्म्याने कमी होते. कापूस बार्शीहून येतो, यंत्रं केमहून. दोघांच्या वाटा जुळतात फक्त कुर्डुवाडीत.

तिसरं काम: तीन आकडे शेजारी मांडा

रिसोर्स जोडलेला आहे हे गेममध्ये किमान तीन ठिकाणी लिहिलेलं असतं. एक, स्क्रीनवर काढलेलं चित्र. दोन, नेटवर्कचा हिशेब, म्हणजे कुठली टाइल कुठल्या जाळ्यात आहे. तीन, गोदामाची नोंद. खेळणाऱ्याला पहिलं आणि तिसरं दिसतं. दुसरं, जे सगळं ठरवतं, ते कुणालाच दिसत नाही.

म्हणून ते दिसेल असं करा. एक कळ दाबली की प्रत्येक टाइलवर तिच्या जाळ्याचा क्रमांक छापला जावा, एवढंच. एका जाळ्यातल्या सगळ्या टाइलना एकच आकडा. वीस ओळींचं काम आहे. हे मी गेमच्या पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं, केलं नाही, आणि त्याची किंमत मोजली. तिसऱ्या रात्री केलं तेव्हा स्क्रीनवर हे आलं:

बार्शी ३, शेंद्री ३, कुर्डुवाडी ३, माढा १, मोहोळ १, सोलापूर १, केम २.

वरच्या चित्रात सात टाइलचा अखंड रूळ. खालच्या हिशेबात तीन वेगळी जाळी. कापूस ३ मध्ये फिरतोय, मिल १ मध्ये बसलीय, मुंबईची वाट २ मध्ये लटकलीय.

अजून एक सवय लावून घ्या. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तो थांबला नसता तर मैलभर कापड भोकांचं निघालं असतं. गेमचा कोड मात्र धागा तुटला तरी खडखडत राहतो आणि शेवटी शांतपणे ‘शून्य गाठी’ छापतो. तेव्हा कोडमध्ये तसा खटका घाला: चित्रात दोन टाइलना जोडणारा रूळ आहे पण हिशेबात त्यांचे क्रमांक वेगळे, असं आढळलं की गेम तिथेच थांबावा आणि दोन्ही टाइलची नावं सांगावीत. हा खटका फक्त बनवणाऱ्याच्या प्रतीत ठेवा. खेळणाऱ्याच्या तोंडावर गेम बंद पाडू नका.

जाळं मोजतात कसं

पुढच्या चुका समजायला हे माहीत हवं. पद्धत सोपी आहे. सोलापूरच्या टाइलवर पाणी ओतायचं आणि मार्गामार्गाने ते कुठवर जातं ते बघायचं. जिथे पोचलं ते सगळं सोलापूरच्या जाळ्यात. मराठीत लिहिलं तर असं:

रांगेत सोलापूर ठेवा. ‘पाहिलेल्या’ यादीत सोलापूर घाला.
रांग रिकामी होईपर्यंत:
पहिली टाइल रांगेतून काढा.
तिच्या सहा शेजाऱ्यांपैकी प्रत्येकासाठी:
आधी पाहिली असेल तर सोडा.
आपल्या हद्दीत नसेल तर सोडा.
दोघींमध्ये चालणारा मार्ग नसेल तर सोडा.
नाहीतर ‘पाहिलेल्या’त घाला आणि रांगेच्या शेवटी उभी करा.

झालं. आता प्रत्येक ओळ कशी फसते ते बघू.

‘सहा शेजारी’ ही ओळ

माझा पहिला संशय इथेच गेला, आणि दोन रात्री इथे गेल्या. गंमत म्हणजे इथे खरंच चूक होती. फक्त ती ही चूक नव्हती.

षटकोनी टाइल ओळींत मांडल्या की एकाआड एक ओळ अर्धी टाइल उजवीकडे सरकलेली असते. त्यामुळे शेजाऱ्यांचे पत्ते सम आणि विषम ओळींना वेगळे येतात. ओळी शून्यापासून मोजल्या आणि विषम ओळी उजवीकडे सरकवल्या, तर ओळ ६ मधल्या स्तंभ ५ च्या टाइलचे खालच्या ओळीतले शेजारी स्तंभ ४ आणि ५ चे. पण ओळ ७ मधल्या स्तंभ ४ च्या टाइलचे वरच्या ओळीतले शेजारीही स्तंभ ४ आणि ५ चेच. एकीकडे डावीकडची एक आणि सरळची, दुसरीकडे सरळची आणि उजवीकडची एक. मी दोन्ही ओळींना सम ओळीचाच तक्ता लावून ठेवला होता.

त्याचा परिणाम फार चमत्कारिक होतो. ओळ ६, स्तंभ ५ ची टाइल म्हणते, ओळ ७, स्तंभ ४ माझी शेजारीण. ओळ ७, स्तंभ ४ ची टाइल म्हणते, मी हिला ओळखत नाही, माझे वरचे शेजारी स्तंभ ३ आणि ४. एकतर्फी ओळख. पाणी सम ओळीकडून विषमकडे वाहतं, उलट वाहत नाही. त्यामुळे वैरागची ज्वारी एका खेळात सोलापूरला पोचायची, आणि दुसऱ्या खेळात रस्ता एका टाइलने वळवला की पोचायची नाही. अशी ‘कधी होतं, कधी नाही’ तक्रार आली की आधी शेजाऱ्यांचा तक्ता तपासा.

तपासणी अगदी सोपी आहे. नकाशावरच्या प्रत्येक टाइलसाठी तिच्या प्रत्येक शेजाऱ्याला विचारा: ही तुझीही शेजारीण आहे का? एक जरी ‘नाही’ आलं तर तक्ता चुकलाय. ४० बाय ३० च्या नकाशात १२०० टाइल, म्हणजे जास्तीत जास्त ७२०० प्रश्न. डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं.

कायमचा उपाय हवा असेल तर ओळ-स्तंभाऐवजी तिरक्या अक्षांचे पत्ते वापरा. त्यात सहा शेजाऱ्यांचे फरक प्रत्येक टाइलला एकसारखेच येतात, सम-विषम भानगडच राहत नाही. दाखवताना फक्त ओळ-स्तंभात बदलून घ्यायचं. तयार इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातलं शेजारी देणारं फंक्शन वापरा. मी गोडो इंजिन वापरतो, त्यात ते आहे. मी ते न वापरता स्वतःचा तक्ता का लिहिला, याचं पटण्याजोगं उत्तर माझ्यापाशी नाही.

तक्ता दुरुस्त केला. वैरागची ज्वारी नियमित यायला लागली. बार्शीचा कापूस नाही.

काही झटपट संशयित

दुसरी शंका जुन्या हिशेबाची. बरेच जण जाळं एकदा मोजून ठेवतात आणि ‘काही बदललं तर’ परत मोजतात. मग बदलांच्या यादीतून एखादा सुटतो: रस्ता बांधला तर मोजणी होते, पण हद्द सरकली किंवा शहर हातचं गेलं तर होत नाही. माझं मत स्पष्ट आहे. नकाशा हजार-दोन हजार टाइलचा असेल तर हुशारी करू नका, दर टर्नला सगळं नव्याने मोजा. टर्न-बेस्ड गेममध्ये वेळच वेळ असतो.

तिसरी, युनियन-फाइंड. दोन जाळी पटकन एक करायची ही पद्धत पुस्तकात फार देखणी दिसते. पण ती फक्त जोडते, तोडत नाही. रस्ता उखडला तरी तिच्या लेखी दोन गावं जोडलेलीच राहतात. अशा गेममध्ये बग उलटा दिसतो: वाट नसताना माल पोचतो. खेळणारे त्याची तक्रार करत नाहीत, हे आणखी वाईट.

चौथी, टर्नमधला क्रम. आधी उत्पादन मोजलं आणि मग जाळं, तर नवा रूळ एक टर्न उशिरा लागू होतो. एकाच टर्नची चूक असेल तर हेच समजा.

पाचवी, सेव्ह-लोड. खेळ चालू असताना सगळं ठीक, बंद करून उघडला की जोडण्या गायब, असं असेल तर दुसरीकडे बघूच नका. गोडोमध्ये टाइलचा पत्ता ही किल्ली धरून कोश (किल्ली आणि तिची नोंद अशा जोड्यांची यादी) बनवला आणि तो जेसॉनमध्ये (मजकुराच्या स्वरूपातल्या फाइलमध्ये) लिहिला, तर किल्ल्या मजकूर होऊन बसतात आणि वाचताना सगळे आकडे अपूर्णांकी प्रकारचे येतात. दिसायला पत्ता तोच, पण कोशात शोधला की सापडत नाही, कारण एक पत्ता आहे आणि दुसरं पत्त्याचं लिहिलेलं नाव. उघडताना किल्ल्या परत पत्त्यात बदलून घ्या.

माझा बग यांपैकी कशातच बसत नव्हता. नुसता रूळ टाकला त्या क्षणी जाळं तुटत होतं.

कुर्डुवाडी

आता परत त्या सात आकड्यांकडे या. कुर्डुवाडी ३. पण वीस टर्नपर्यंत कुर्डुवाडी सोलापूरच्या जाळ्यात, १ मध्ये होती. रुंद रुळाची (ब्रॉडगेज) गाडी सोलापूरला १८६० मध्येच आली होती, त्यामुळे गेमच्या सुरुवातीपासून केम, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, सोलापूर हे एकच जाळं. नॅरोगेज आली आणि कुर्डुवाडी त्यातून उचलून ३ मध्ये गेली. तिच्याशिवाय केम एकटं पडलं.

मी भाच्याला सांगितलं, “कुर्डुवाडीतला रूळ काढ आणि परत ब्रॉडगेज टाक.” त्याने टाकला. मुंबईची यंत्रं लगेच सुरू. कापूस बंदच.

“आता नॅरोगेज टाक.” टाकली. यंत्रं बंद.

“एक जोडलं की दुसरं तुटतंय की मामा.”

हे लक्षण पाठ करून ठेवा. एक जोडलं की दुसरं तुटतं, याचा अर्थ दोन गोष्टी एकाच खुर्चीवर बसवल्यात. टाइलच्या नोंदीत मी ‘मार्ग’ नावाचा एकच रकाना ठेवला होता: ० म्हणजे काही नाही, १ बैलगाडीचा रस्ता, २ नॅरोगेज, ३ ब्रॉडगेज. नॅरोगेज टाकली की ३ पुसून २ लिहिलं जाई. चित्र मात्र दुसऱ्याच यादीवरून निघत होतं, ‘कुठे कुठे कुठला रूळ टाकला’ त्या यादीवरून, आणि तिच्यात दोन्ही रूळ होते. म्हणून स्क्रीनवर कुर्डुवाडी जंक्शन थाटात दिसत होतं, आणि हिशेबात तिथून ब्रॉडगेज गायब होती.

खऱ्या कुर्डुवाडीतही दोन रूळ एका जागी येत, पण डबे पुढे जात नसत. अडीच फुटी डब्यातला माल उतरवून मोठ्या डब्यात चढवावा लागे. शंभराहून जास्त वर्षं ते चाललं, मग बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली. मला हे लहानपणापासून माहीत. आजोळच तिकडचं. तरी कोड लिहिताना मी दोन रुळांना एक रकाना दिला. गेम गावाच्या इतिहासावर बनवायचा आणि इतिहासच विसरायचा, असा प्रकार.

दुरुस्ती

उपाय तीन भागांत केला.

पहिला, रकान्यात एकाऐवजी बेरीज लिहायची. रस्ता १, नॅरोगेज २, ब्रॉडगेज ४. कुर्डुवाडीत दोन्ही, म्हणून ६. माढ्याला फक्त ब्रॉडगेज, ४. बार्शीला त्या काळी नॅरोगेज आणि रस्ता, ३. नवं काही टाकलं की ते आधीच्यात मिळवायचं, आधीचं पुसायचं नाही. उखडलं की तेवढंच वजा.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. पाणी टाइलवरून टाइलवर वाहू द्यायचं नाही, ‘टाइल आणि गेज’ या जोडीवरून जोडीवर वाहू द्यायचं. कुर्डुवाडी-नॅरो आणि कुर्डुवाडी-ब्रॉड या दोन वेगळ्या जागा. शेंद्री-नॅरो फक्त कुर्डुवाडी-नॅरोला जोडलेली, माढा-ब्रॉड फक्त कुर्डुवाडी-ब्रॉडला. या दोघींमधला पूल म्हणजे माल चढ-उताराचं यार्ड. ते बांधलं असेल तरच पाणी इकडून तिकडे जातं. ही सोय केली नाही आणि नुसती बेरीज केली, तर नॅरोगेजचा डबा सरळ ब्रॉडगेजवर धावू लागेल. म्हणजे बग गेला असं वाटेल, आणि नियमच मोडलेला असेल.

तिसरा, तपासणी. सात टाइलचा तो नकाशा फेकू नका. तो फाइलमध्ये ठेवा आणि कोड बदलला की दर वेळी चालवा. माझ्या चार अपेक्षा लिहिलेल्या आहेत: यार्ड असताना कापूस पोचतो. यार्ड नसताना पोचत नाही. दोन्ही वेळा यंत्रं पोचतात. माढ्याचा रूळ उखडला तर दोन्ही थांबतात. दुसरी अपेक्षा लोक लिहीत नाहीत. जे व्हायला नको ते होत नाही ना, हेही विचारायचं असतं.

जुने सेव्ह, आणि एक खड्डा

इथे मी पडता पडता वाचलो. जुन्या सेव्हमध्ये ३ म्हणजे ब्रॉडगेज. नव्या हिशेबात ३ म्हणजे रस्ता अधिक नॅरोगेज. जुना सेव्ह तसाच उघडला असता तर केम ते सोलापूर सगळी मेन लाइन अडीच फुटी झाली असती, आणि गेमने तक्रारही केली नसती, कारण ३ हा आकडा दोन्हीकडे वैध आहे.

म्हणून सेव्हमध्ये आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून लिहा. नसेल तर आज लिहा, आणि क्रमांक नसलेल्या फाइलला ‘आवृत्ती १’ समजा. उघडताना १ असेल तर ३ चं ४ करा, बाकीचे तसेच, आणि मग पुढे जा.

एवढ्यानेही कुर्डुवाडी सुटत नव्हती. तिच्या जुन्या नोंदीत फक्त २ होतं. ब्रॉडगेज पुसली गेली होती, तिचं ४ कशाचं करणार? दोन दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की चित्राची यादी सेव्हमध्ये आहेच. तिच्यात कुर्डुवाडीच्या नावावर दोन्ही रूळ टाकल्याची नोंद होती. मी तीन रात्री ज्या चित्राला खोटं म्हणत होतो ते खरं होतं, हिशेब खोटा होता. आता जुना सेव्ह उघडला की मार्गाचा रकाना त्या यादीवरून नव्याने भरतो, आणि जिथे दोन गेज एकत्र दिसतात तिथे एक यार्ड फुकट देतो. आधी खेळलेल्यांना मध्येच खर्चात पाडणं बरं नाही.

गेम दुसऱ्याचा असेल तर

तुम्ही खेळणारे असाल तर दुरुस्ती तुमच्या हातात नाही, पण पहिली दोन कामं तुम्हीही करू शकता, आणि बनवणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त हवी असतात. ‘लोखंड जोडलं जात नाही, बघा’ एवढं लिहून काही होत नाही. गेमची आवृत्ती लिहा. मॉड लावले असतील तर त्यांची नावं लिहा, आणि सगळे काढून बग उरतो का ते आधी बघा. बिघाडाच्या आधीच्या टर्नचा आणि नंतरच्या टर्नचा, असे दोन सेव्ह जोडा. कुठली टाइल, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे चार ओळींत. फोटो एकच पुरे, पण रिसोर्सच्या टाइलपासून शहरापर्यंतची सगळी वाट त्यात दिसायला हवी. भाच्याने मला पाठवलेल्या पहिल्या फोटोत फक्त रिकामं गोदाम होतं.

दुरुस्तीनंतर त्याने स्वतःचा टर्न ५८ चा सेव्ह उघडला. कळ दाबून आकडे बघितले: सातही टाइलवर १. (कुर्डुवाडीच्या दोन्ही जागांचा आकडा एकच आला की एकदाच छापतो.) टर्न संपवला. गोदामात १२ गाठी आल्या. त्याने त्या मोजल्या, मग बार्शीचं उत्पादन बघितलं, मग परत गोदाम, मग मिलचा खर्चाचा तक्ता.

“मामा, हमाली लावलीय का कुर्डुवाडीत?”

“गाठीमागं चार आणे.”

“लई झालं की.”